व्हिनेगर-सोड्याच्या फेसाने मेणचटपणा का जात नाही, आणि कशाने जातो

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. इंदूरजवळच्या राऊकडच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये तुम्ही नुकत्याच राहायला आलात. आधीच्या भाडेकरूंच्या कृपेने चिमणी, शेगडीमागच्या टाइल्स आणि वरच्या कपाटांची दारं मेणचट झालेली आहेत. व्हिडिओ बघून तुम्ही व्हिनेगर, खाण्याचा सोडा आणि लिंबाचा रस एका बाटलीत भरलं. फेस भरपूर आला, बाटली फुगली, पण चिकटा जिथल्या तिथे. वर ओघळ खाली गेले तिथली कोटा फरशी पांढुरकी पडली. घरात रांगतं बाळ असल्यामुळे ‘केमिकल नसलेलं’ काहीतरी हवं आहे आणि तुम्ही प्रमाण विचारलं आहे.

प्रमाण सांगते, पण तुमचं प्रमाण चुकलेलं नाही, जोडी चुकली आहे. शिवाय काढायचं काय आहे आणि ते कशावर बसलं आहे, हे न बघता बाटली भरली गेली. या दोन गोष्टी कळल्या की पाककृती फारशी लागत नाही.

मी इंदुरातच डबे आणि फराळ करून देते. तळणीची कढई आमच्याकडे जवळजवळ रोज चढते, त्यामुळे ओशट भिंती हा माझा रोजचा विषय. सफाईचं सामान घरी करते ते मुख्यतः खर्चासाठी. पर्यावरणाचं पुण्य लागत असेल तर ते वरकड.

आधी त्या फेसाबद्दल. खाण्याचा सोडा अल्कली, व्हिनेगर आम्ल. दोन्ही एकत्र आली की एकमेकांना मारतात. कार्बन डायऑक्साइड उडून जातो (बाटली फुगली ती त्यानेच) आणि मागे उरतं सोडियम ॲसिटेटचं पाणी, म्हणजे जवळपास खारट पाणीच. बाजारातलं व्हिनेगर साधारण ४ ते ५ टक्क्यांचं असतं. चमचाभर, म्हणजे ५ ग्रॅम सोडा पूर्ण संपवायला ४ टक्क्यांचं सुमारे ९० मिली व्हिनेगर पुरतं. तुम्ही त्यात लिंबूही पिळलंत, म्हणजे सोडा तर संपलाच आणि वर थोडं आम्ल उरलं. त्या उरलेल्या आम्लाने कोटा खाल्ला. तुंबलेल्या मोरीत बुडबुड्यांच्या हलण्याने थोडा गाळ सुटतो, तेवढाच त्या फेसाचा उपयोग. आणि असलं मिश्रण बंद बाटलीत कधीही भरून ठेवू नका, बाटली फुटू शकते.

तेल निघतं ते अल्कली आणि साबण या दोघांनी. अल्कली तेलातल्या स्निग्धाम्लांशी मिळून जागच्या जागी थोडासा साबणच तयार करते. भांड्यांच्या लिक्विडमधला साबणी पदार्थ तेलाचे बारीक थेंब करून ते पाण्यात धरून ठेवतो. आम्लाचं काम वेगळं आहे. नळावरचे पांढरे डाग, किटलीतला क्षार, पितळी बर्नरचा काळेपणा, इथे आम्ल लागतं. तेलाशी त्याचं फारसं काही चालत नाही. जुन्या बायका तांब्या-पितळेला चिंच लावायच्या आणि तेलकट भांड्याला राख, ते याच हिशेबाने. राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं, म्हणजे अल्कली.

आता चिकटा. सगळा तेलकटपणा एक जातीचा नसतो. आज उडालेलं तेल अजून तेलच असतं. कोमट पाणी आणि दोन थेंब लिक्विड त्याला पुरतं. पण तोच पातळ थर शेगडीच्या धगीजवळ महिनोन्‌महिने राहिला की हवेतला ऑक्सिजन घेऊन त्याचे रेणू एकमेकांत गुंतत जातात. आधी तो बोटाला चिकटतो, मग मधासारखा पिवळा घट्ट होतो, आणि शेवटी वॉर्निशसारखा कडक. चित्रकार जवसाच्या तेलात रंग कालवतात ते याच गुणासाठी: ते तेल वाळून कातडं धरतं.

कोणतं तेल किती लवकर असं वाळेल, याचा अंदाज त्याच्या आयोडीन मूल्यावरून (शंभर ग्रॅम तेल किती ग्रॅम आयोडीन धरतं त्या आकड्यावरून) येतो. जवसाचं १७० च्या वर, सोयाबीनचं साधारण १२० ते १४०, शेंगदाण्याचं ८५ ते १००, खोबरेलाचं जेमतेम १० च्या आसपास. आकडा जितका मोठा, तितकं तेल लवकर चिकट होतं. आपण बसलोय सोयाबीनच्या माळव्यात. सोयाबीन संशोधनाची राष्ट्रीय संस्था १९८७ पासून इंदुरातच आहे, आणि इथल्या बहुतेक घरांत तळण सोयाबीन तेलात होतं. म्हणून वेगळ्या तेलात तळणाऱ्या कोकणातल्या मावशीचा भिंत पुसायचा उपाय इथे तसाच चालेल असं नाही. शेंगदाणा तेलावर तळण केलं की आमच्या चिमणीचा चिकटा सोयाबीनच्या मानाने मऊ राहतो, हा फरक मला हाताला जाणवतो.

तुमच्याकडचा थर आधीच्या लोकांचा, म्हणजे जुना. नखाने खरवडून बघा. मऊ मेणासारखा आला तर आपलं घरगुती सामान पुरेल. काचेसारखी कपची निघाली तर दोन-तीन वेळा लावावं लागेल आणि काही ठिकाणी पूर्ण जाणारही नाही. जाळीत कडक झालेला थर सोडा पुष्कळदा नुसता मऊ करतो. बाकीचं काम ब्रशचं.

खाली काय आहे, हा दुसरा निम्मा भाग, आणि नुकसान होतं ते इथेच. सिरॅमिक टाइल, काच आणि स्टेनलेस स्टील यांना सोडा-साबण बिनधास्त चालतो. ग्रॅनाइटच्या ओट्यालाही चालतो, फक्त नंतर साध्या पाण्याने पुसून घ्यायचा. कोटा आणि संगमरवर हे चुन्याचे दगड, त्यांना व्हिनेगर, लिंबू, सायट्रिक ॲसिड, बाथरूमचं ॲसिड यातलं काहीही लावायचं नाही. ॲल्युमिनियमचं उलट आहे: त्याला तीव्र अल्कली सोसत नाही. धुण्याच्या सोड्यात ॲल्युमिनियमचा कुकर किंवा जाळी बुडवली की बुडबुडे येतात आणि धातू काळवंडतो. मॉड्युलर कपाटांची दारं लॅमिनेटची असतील तर बरीच सोशिक असतात. चकचकीत ॲक्रिलिक किंवा पॉलिश केलेली असतील तर कोरड्या सोड्यानेसुद्धा बारीक ओरखडे दिसतात. फ्लॅट भाड्याचा आहे, डिपॉझिट अडकलेलं आहे, तेव्हा दाराच्या आतल्या कोपऱ्यात आधी लावून बघा आणि दुसऱ्या दिवशी उजेडात तपासा.

दोन सोड्यांची गल्लत मात्र करू नका. इंदूरच्या किराणा दुकानात ‘मीठा सोडा’ म्हटलं की खाण्याचा सोडा मिळतो, ‘कपडे धोने का सोडा’ म्हटलं की धुण्याचा. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कलीचा जोर मोजायचा आकडा, ७ च्या वर अल्कली) ८.३ च्या आसपास, धुण्याच्या सोड्याचा ११ च्या. पीएचची एक पायरी म्हणजे दहापट, तेव्हा हा फरक दोन चिमट्यांचा नव्हे, काही शेकडा पटींचा आहे. खाण्याचा सोडा घासायला चांगला, चिकटा विरघळवायला दुबळा. तुमच्या कामाचा खरा गडी धुण्याचा सोडा.

मी काय करते ते सांगते.

रोजच्यासाठी फवाऱ्याच्या बाटलीत अर्धा लिटर पाणी आणि अर्धा चमचा भांड्यांचं लिक्विड. बस. यात सोडा घालत नाही, कारण वाळल्यावर पांढरे पट्टे राहतात आणि मग कामवाल्या मावशी आणि मी दोघी वैतागतो. तळण झालं, टाइल अजून कोमट आहे, तेव्हाच फवारा मारून पुसायचं आणि मग ओल्या फडक्याचा एक हात. रात्री झोपण्यापूर्वी हे झालं तर खालचं पुढचं सगळं वर्षातून एकदा-दोनदाच लागतं.

जुन्या चिकट्याला एक लिटर पाणी, हाताला सोसेल इतपत गरम, त्यात एक मोठा चमचा धुण्याचा सोडा आणि एक छोटा चमचा लिक्विड. हातमोजे घालूनच, कारण हा सोडा त्वचेतलं तेलही तितक्याच आवडीने काढतो. आता महत्त्वाचं: फवारा मारून लगेच घासत बसू नका. जुनी सुती फडकी किंवा कागदी नॅपकिन या पाण्यात भिजवून टाइलवर चिकटवा आणि दहा-पंधरा मिनिटं तशीच राहू द्या. उभ्या भिंतीवर फवाऱ्याचं पाणी ओघळून जातं, औषध चढायला वेळच मिळत नाही. सफाईत चारच गोष्टी काम करतात: औषध, उष्णता, वेळ आणि हाताचा जोर. पहिल्या तिन्हींत कंजुषी केली की सगळा भार चौथ्यावर, म्हणजे तुमच्या खांद्यावर येतो. फडकी काढा, नायलॉनच्या घासणीने हलके फिरवा, मग साध्या पाण्याने दोनदा पुसा. फरशीवर आधी जुनी चादर अंथरा.

हे लावताना कुठे हळदीचा डाग असेल तर तो लालसर होईल. घाबरू नका. हळद अल्कलीत लाल होते. हळदीपासून कुंकू करतात ते त्याच गुणावर. पुसलं की रंग उतरतो, प्लास्टिकवर थोडा राहिला तर ऊन दाखवा.

टाइलवर नंतर पांढुरकी छटा राहिली तर ती चिकट्याची नाही, सोड्याची किंवा पाण्यातल्या क्षारांची आहे. नर्मदेचं पाणी येत असेल तर कमी, बोअरिंगचं असेल तर जास्त. इथे आता व्हिनेगरला काम आहे: एक वाटी पाण्यात दोन चमचे, फडक्यावर घेऊन शेवटचा हात. एकाच वेळी नाही, एकामागून एक, आणि मध्ये पाण्याचा हात. कोट्यापासून लांब. जड पाण्यात वडीचा साबण फाटतो आणि त्याचा स्वतःचाच चिकट साका बसतो, म्हणून ओट्याला कपड्यांची वडी घासू नका. लिक्विड त्या मानाने तग धरतं, आणि धुण्याचा सोडा पाणी मऊही करतो.

कपाटांच्या दारांना मी सोडा शेवटी लावते. आधी कापसावर थोडं स्वयंपाकाचं तेल घेऊन त्या मेणचट थरावर चोळायचं. ऐकायला वेडेपणा वाटेल, पण अर्धवट घट्ट झालेल्या तेलात नवं तेल मुरतं, तो फुगतो आणि धुळीसकट सुटतो. पाच मिनिटांनी कोरड्या फडक्याने ओढून घ्या आणि लगेच लिक्विडच्या कोमट पाण्याने दोनदा पुसा. तेल मागे राहिलं तर पुढच्या वर्षीचा चिकटा तुम्हीच पेरला म्हणून समजा. हँडलच्या खाचांत जुना टूथब्रश. दारांच्या कडांना पाणी मुरू देऊ नका, आतला बोर्ड फुगतो आणि तो कोणत्याही उपायाने परत बसत नाही.

काचेच्या शेगडीला खाण्याचा सोडा आणि लिक्विड यांचं दाटसर खळ पुरतं. मायक्रोवेव्हमध्ये वाटीभर पाणी, त्यात लाकडी चमचा, तीन-चार मिनिटं. वाफ काम करते, लिंबाची फोड फक्त वासाला.

चिमणीवर थोडं थांबते, कारण तिथेच माणसं वस्तू बिघडवतात. आधी मेन स्विच बंद. जाळी काढा आणि ती कशाची आहे ते ठरवा. पन्हळीसारख्या पट्ट्यांची, वजनदार असेल तर बहुतेक स्टेनलेस स्टील. कागदासारख्या हलक्या, अनेक पदरी जाळीची असेल तर बहुतेक ॲल्युमिनियम. चुंबक चिकटला तर लोखंडी जात नक्की. न चिकटला तर काहीच सिद्ध होत नाही, कारण स्टीलच्या काही जातींनाही तो चिकटत नाही. मग वजनावर आणि कंपनीच्या पुस्तिकेवर जा. स्टीलची असेल तर टबात कढत पाणी, लिटरला दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा आणि थोडं लिक्विड, अर्धा तास. टब प्लास्टिकचा असेल तर उकळतं पाणी त्यात एकदम ओतू नका. ॲल्युमिनियमची असेल तर सोडा अजिबात नाही. फक्त गरम पाणी, जरा जास्त लिक्विड, आणि पाणी निवलं की बदलायचं. वेळ लागतो, इलाज नाही. जाळीच्या वरचा पंखा आणि मोटर यांवर काहीही फवारू नका. तिथवर तेल पोचलं असेल तर मेकॅनिकला बोलवा. घरमालकाशी बोलून हा खर्च त्यांच्याकडे ढकलता येतो का बघा, थर तर तुमचा नाही.

विजेच्या बटणांवर फवारा नको, फडकं ओलसर करून घट्ट पिळायचं आणि मग पुसायचं. गॅसचे बर्नर थंड असतानाच काम करायचं. कोणी रॉकेल किंवा पेट्रोल सुचवलं तर ऐकू नका. त्याने चिकटा निघतो हे खरं, पण गॅसच्या शेगडीशेजारी त्याची वाफ साठवणं हा शुद्ध आत्मघात आहे.

आता ‘केमिकल नसलेलं’ याबद्दल. खाण्याचा सोडाही कारखान्यातच होतो. गुजरातेत मिठापूरला तर तो आणि धुण्याचा सोडा दोन्ही होतात. बाळाच्या दृष्टीने बघायचं ते एवढंच: हाताला-तोंडाला लागेल तिथे मागे काही राहतं का? पाण्याने दोनदा पुसलेल्या टाइलवर राहत नाही. धोका असतो तो उघड्या पुडीचा आणि भरलेल्या बादलीचा. धुण्याचा सोडा पोटात किंवा डोळ्यात गेला तर भाजतो. तो वरच्या फळीवर, झाकणाच्या डब्यात, मोठ्या अक्षरात नाव लिहून. सरबताच्या किंवा कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत सफाईचं पाणी कधीही भरू नका. पाहुणे येतात, फ्रिजशेजारची बाटली उचलतात.

तरीही झाडाचंच हवं असेल तर रिठा घ्या. रिठ्यात सॅपोनिन असतं, ते खरोखर साबणासारखं वागतं. आठ-दहा रिठे बी काढून रात्रभर भिजवा, सकाळी उकळा, गाळा. रोजच्या ओट्याला छान. आठवडाभरात संपवा, फ्रिजबाहेर ते आंबतं. डोळ्यांत गेलं तर फार झोंबतं, म्हणजे हेही बाळापासून लांबच. जुन्या चिकट्यावर मात्र रिठा एकट्याने हरतो.

संत्र्या-मोसंब्यांच्या सालींच्या ‘बायो-एन्झाइम’बद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण आपल्या शहरात ओला-सुका कचरा वेगळा करण्याची सवय इतकी मुरली आहे की सालींची बरणी आता प्रत्येक सोसायटीत कोणाकडे तरी असतेच. एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी, तीन महिने. सुरुवातीला रोज झाकण सैल करून वायू सोडायचा. तयार होतं ते आम्लाचं पाणी, व्हिनेगरचं चुलतभावंड. नळ, बेसिन यांच्या क्षारांना बरं. तेलकट टाइलला त्याचा जोर पुरत नाही आणि कोट्याला ते व्हिनेगरइतकंच वाईट. साली फुकट आहेत म्हणून जरूर करा, चिमणीसाठी करू नका.

आणि एक गोष्ट ज्यात परिस्थितीवर काहीही अवलंबून नाही. ब्लीच कशातही मिसळायचं नाही. व्हिनेगर, लिंबू किंवा टॉयलेटचं ॲसिड त्यात गेलं की क्लोरीन वायू निघतो. अमोनिया असलेला काचेचा क्लीनर गेला तर क्लोरामाइन. बंद स्वयंपाकघरात दोन्ही जिवावर बेततात. ‘एकाने गेलं नाही, दुसरं ओतून बघू’ हा मोह होतो तेव्हा खिडकी उघडा, पहिलं पूर्ण धुवा, मगच दुसरं.

तुमच्यासाठी क्रम असा लावा. पहिल्या शनिवारी जाळी भिजत टाका आणि ती भिजतेय तोवर टाइल्सना फडकी चिकटवा. दारं दुसऱ्या दिवशी, तेल आणि लिक्विडने, वरून खाली. शेवटी फरशी, साध्या पाण्यात थोडं लिक्विड घालून. सगळं एका दिवसात उरकायला गेलात तर शेवटची दारं खरवडली जातील, आणि डिपॉझिट कापलं जाईल ते त्यांच्यावरूनच. जाळीतून निथळलेलं दाट तेल मोरीत सोडू नका, जुन्या वर्तमानपत्रावर टिपून कचऱ्यात द्या. पाइपात गार पडून ते तिथे थरावर थर चढवतं.

कोट्याचं राहिलं. जी जागा पांढुरकी झाली आहे तिथे चिकटा नाही, तर दगडाचा वरचा पदरच आम्लाने खाल्ला आहे. म्हणून कितीही पुसलंत तरी ओली असताना डाग गेल्यासारखा वाटेल आणि वाळली की परत दिसेल. डाग हाताएवढे असतील तर तूर्त त्यावर पायपुसणं टाका. मोठे असतील तर फरशी घासून पॉलिश करणाऱ्या माणसाला तेवढ्याच तुकड्याचा भाव विचारा. ती मंडळी सहसा पूर्ण खोलीचं काम मागतात, पण इमारतीत दुसरीकडे मशीन आलेलं असेल तेव्हा गाठलं तर छोटं काम करून देतात. वॉचमनला सांगून ठेवा, मशीन कोणत्या मजल्यावर आलं ते त्याला सगळ्यांत आधी कळतं.